मिसळणाच्या डब्यातला सौम्य चहा

थंडी पडली की नाशिकमध्ये घरोघरी काढ्याचं पातेलं चढतं. निफाडचा पारा घसरल्याची बातमी येते आणि सुंठ, मिरी, लवंग, दालचिनी, ओवा, हळद असं हाताला लागेल ते एकत्र टाकून पाणी निम्मं होईपर्यंत उकळलं जातं. २०२० नंतर ही पद्धत फारच रुळली. त्या वर्षी आयुष मंत्रालयाने तुळस, दालचिनी, मिरी, सुंठ आणि मनुका यांचा काढा दिवसातून एक-दोन वेळा घ्यायला सुचवलं होतं. घरात येईपर्यंत त्यात पदार्थही वाढले आणि प्रमाणही. इतका उग्र काढा रोज पोटात गेला की पित्ताची प्रकृती असलेल्यांच्या छातीत जळजळ ठरलेलीच. मुलं तर वासानेच पळतात.

इथे सांगायचा आहे तो चहा वेगळा. तो रोज पिता येतो, साखरेवाचून गोड लागतो आणि घरातल्या बहुतेकांना चालतो. वस्तू त्याच, डब्यातल्याच. फरक तीन गोष्टींचा: मसाला कमी, तोही आयत्या वेळी ठेचलेला, आणि झाकणाखाली मुरलेला. कुठलाही आजार बरा करण्याचा दावा मी या चहासाठी करत नाही. जेवणानंतर पोट हलकं वाटतं, खवखवणाऱ्या घशाला ऊब मिळते, दुधासाखरेच्या चहाचे दिवसातले एक-दोन कप कमी होतात. एवढंही मला पुष्कळ वाटतं.

उकळायचं कधी आणि नुसतं मुरवायचं कधी

सगळी कृती या एका प्रश्नावर उभी आहे, म्हणून इथे थोडं थांबू या.

वनस्पतीचा गुण पाण्यात उतरवण्याच्या आयुर्वेदातल्या तीन रीती आपल्याला उपयोगी आहेत. काढ्यात भरड पाण्यात उकळून पाणी आटवतात. फांटात उकळतं पाणी भरडीवर ओतून भांडं झाकून ठेवतात. हिमात भरड रात्रभर थंड पाण्यात भिजते. रोजच्या सौम्य चहासाठी आपल्याला मुख्यतः फांट हवा आणि उन्हाळ्यात हिम. काढ्याची रीत थोडी उसनी घ्यायची ती फक्त साली आणि मुळांपुरती.

कारण सरळ आहे. जिरे, धने, बडीशेप, ओवा, वेलची यांचा वास आणि बरीचशी चव त्यांच्यातल्या सुगंधी तेलांत असते. बडीशेपेत अॅनेथॉल, ओव्यात थायमॉल, धन्यात लिनालूल, लवंगेत युजेनॉल. ही तेलं वाफेबरोबर उडतात. पातेलं उघडं ठेवून दहा मिनिटं उकळलं तर घरभर वास सुटतो, पण तो वास कपातून गेलेला असतो. वर जास्त उकळल्यामुळे साली आणि लवंगांमधला कडवट, तुरट भाग पाण्यात उतरत राहतो. म्हणजे हवं ते उडालं आणि नको ते राहिलं.

म्हणून वस्तूच्या जातीप्रमाणे तिला वागवायचं. बिया ठेचून घ्यायच्या आणि त्यांच्यावर उकळतं पाणी ओतून झाकायचं, उकळायच्या नाहीत. आलं, दालचिनी, ज्येष्ठमध यांसारखी मुळं आणि साली टणक असतात, त्यांच्या आत पाणी शिरायला वेळ लागतो. त्यांना झाकण ठेवून मंद आचेवर पाच ते दहा मिनिटं द्यायची. गवती चहा, तुळस, पुदिना ही पानं नाजूक. ती गॅस बंद केल्यावरच पडली पाहिजेत. एकाच चहात तिन्ही जाती असतील तर हाच क्रम ठेवायचा: मुळं आधी, गॅस बंद करताना बिया, आणि त्यांच्या पाठोपाठ पानं.

समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवरच्या नाशिकमध्ये पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. फांटाला तेवढी उष्णता भरपूर झाली.

पाणी आणि भांडं

गंगापूर धरणाचं नळाला येणारं पाणी या चहाला चांगलं. बऱ्याच सोसायट्यांत बोअरचं पाणी वापरात असतं. ते जड असेल तर चहाची चव मठ्ठ लागते, म्हणून प्यायच्या पाण्यातूनच चहा करावा. एकदा उकळून गार झालेलं पाणी पुन्हा उकळण्यापेक्षा ताजं घेतलेलं बरं.

भांडं स्टीलचं आणि झाकण घट्ट बसणारं. काचेची किंवा चिनी मातीची किटली असेल तर उत्तमच. भांडी बाजारातून हौसेने आणलेलं तांब्याचं पातेलं मात्र आतून कल्हई नसेल तर या कामाला काढू नका. लिंबू, कोकम किंवा कुठलंही आंबट लागलं की तांबं पाण्यात उतरतं. अॅल्युमिनियमही आंबटाला नको.

याशिवाय खलबत्ता, बारीक गाळणी आणि चहाचा चमचा एवढंच लागतं. या लेखात चमचा म्हणजे सपाट भरलेला ५ मिलिलिटरचा आणि कप म्हणजे २०० मिलिलिटरचा धरला आहे. मिक्सर नको. त्यात बियांची पूड होते, ती गाळणीतून खाली येते, चहा गढूळ होतो आणि तळाशी कडू गाळ बसतो.

मसाला आणताना

सौम्य चहात मसाला थोडाच पडतो, म्हणून तो चांगलाच हवा. रविवार कारंजा आणि मेन रोडच्या भागात मसाल्याची जुनी दुकानं आहेत. तिथे सुटा माल हातात घेऊन पाहता येतो. बी तळहातावर घेऊन अंगठ्याने जोरात चोळा आणि लगेच हुंगा. वास झणकन आला पाहिजे. नुसता लाकडासारखा किंवा धुळीसारखा वास आला तर माल जुना, तो फोडणीतही फार काही करणार नाही.

बडीशेप डोळ्यांत भरेल इतकी हिरवीगार असेल तर जरा सावध व्हा, कारण हिरवा रंग लावलेली बडीशेपही बाजारात असते. चमचाभर बडीशेप कोमट पाण्यात टाका. पाणी लगेच हिरवं झालं तर परत करा. चांगल्या बडीशेपेचा रंग पिवळट हिरवा असतो. चहासाठी मला बारीक लखनवी बडीशेप आवडते, तिच्यात गोडवा अधिक आहे.

लवंगा पाण्यात टाकून पाहाव्यात. तेल काढून घेतलेल्या लवंगा वर तरंगतात, चांगल्या तळाशी जातात किंवा डोकं वर करून उभ्या राहतात. मिरीत पपईच्या वाळलेल्या बियांची भेसळ होते. त्या हलक्या असल्यामुळे पाण्यावर येतात. वेलची सालीसकट घ्यावी, पूड कधीच नाही.

दालचिनीकडे नीट पाहा, कारण बाजारात तिच्या नावाखाली बहुतेक वेळा कॅसियाची साल मिळते. कॅसिया जाड, कडक, एकाच पदराची गुंडाळलेली आणि चवीला तिखट असते. सिलोन दालचिनीत पातळ सालीचे अनेक पदर एकमेकांत असतात, ती बोटांनी चुरता येते आणि तिचा गोडवा हळुवार असतो. रोजच्या चहाच्या दृष्टीने हा फरक महत्त्वाचा आहे. कॅसियात कुमारिन नावाचं द्रव्य बरंच असतं आणि ते सतत, जास्त प्रमाणात पोटात गेलं तर यकृताला त्रास होऊ शकतो. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने त्याची रोजची मर्यादा शरीराच्या दर किलो वजनामागे ०.१ मिलिग्रॅम इतकीच मानली आहे. सिलोन दालचिनीत ते जवळजवळ नसतंच. ती महाग असते, पण एक इंचाचा तुकडा दोन कपांना पुरतो. कॅसियाच घरात असेल तर तिचा चहा आठवड्यातून एक-दोनदाच करावा.

मूळ कृती: धने, बडीशेप, जिरे

ज्याने कधीच असा चहा केला नाही त्याने इथून सुरुवात करावी. हा हात बसला की बाकीचे सगळे जमतात.

दोन कपांसाठी पाऊण चमचा धने, पाऊण चमचा बडीशेप आणि अर्ध्याहून थोडं कमी जिरं. तिन्ही समभाग घेण्याची रीतही आहे, पण समभागात जिरं पुढे येतं आणि चहाऐवजी फोडणीची आठवण होते. जिरं मागे ठेवलं की धन्याचा लिंबाच्या अंगाने जाणारा वास आणि बडीशेपेचा गोडवा दोन्ही कळतात.

१. बिया निवडून घ्या. धन्यात काड्या आणि बारीक खडे असतात. मग गाळणीत घेऊन पाण्याखाली एकदा झटकन धुवा.

२. खलबत्त्यात घालून चार-पाच ठोके द्या. प्रत्येक धना दोन-तीन तुकड्यांत फुटला की थांबा. पूड करायची नाही. आधी भाजायचंही नाही. भाजल्यावर खमंगपणा येतो, पण ताजा वास जातो.

३. दोन कपांना थोडं जास्त, म्हणजे ४२५ मिलिलिटर पाणी, खळखळून उकळा. गॅस बंद करा.

४. ठेचलेल्या बिया पाण्यात टाका आणि लगेच झाकण ठेवा. झाकणाला भोक असेल तर वर ताटली ठेवा.

५. आठ मिनिटं हात लावू नका. पाच मिनिटांत चव फिकी राहते, पंधरा मिनिटांनंतर जिऱ्याचा कडवटपणा डोकावतो.

६. झाकण उघडताना त्याच्या आतल्या बाजूचे थेंब पातेल्यातच पडू द्या. उडालेल्या तेलाचा काही अंश त्या थेंबांत असतो.

७. गाळून घ्या. गाळणीतल्या बिया चमच्याने दाबून पिळू नका.

रंग फिकट सोनेरी यायला हवा. पहिला घोट साखर न घालताच घ्या. दुधासाखरेची सवय असलेल्या जिभेला तो पाण्यासारखा वाटेल, पण आठवडाभरात जीभ सरावते आणि बडीशेपेचा गोडवा आपोआप कळायला लागतो. तोवर फारच फिकं वाटलं तर बडीशेप पाव चमचा वाढवा, वेळ वाढवू नका. हा नियम पुढच्या सगळ्या कृतींना लागू आहे: चव वाढवायची तर वस्तू वाढवावी, उकळी नाही.

हा चहा दुपारच्या किंवा रात्रीच्या जेवणानंतर अर्ध्या तासाने घ्यावा. यात कॅफिन नाही, त्यामुळे रात्री घेतला तरी कॅफिनमुळे झोप उडण्याची भीती नाही.

पावसाळ्यातला आलं-गवती चहा

जुलै-ऑगस्टमध्ये नाशिकला पावसाची झिमझिम दिवसेंदिवस चालते. इगतपुरी-त्र्यंबक पट्ट्यात तर विचारायलाच नको. या दिवसांत अंगणातला गवती चहा जोमात असतो. कुंडीतही तो सहज येतो, बाल्कनीत ऊन मिळालं की पुरे. नसेल तर भाजीवाल्यांकडे जुडी मिळतेच. गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बुधवारच्या बाजारात ताजी सापडते.

दोन कपांसाठी अर्धा इंच आलं घ्या. ते किसू नका, पातळ चकत्या करा. किसलेल्या आल्याचा रस आणि पिष्ट दोन्ही पाण्यात उतरतात, चहा गढूळ आणि तिखट होतो. चकत्यांमधून झणका हळूहळू येतो. साडेचारशे मिलिलिटर पाण्यात चकत्या टाकून, झाकण ठेवून, मंद आचेवर पाच-सहा मिनिटं ठेवा. तोवर गवती चहाची तीन-चार लांब पानं स्वच्छ धुवा. त्यांच्या कडा धारदार असतात, त्यामुळे हाताने ओरबाडण्यापेक्षा कात्रीने बोटभर तुकडे करावेत. गॅस बंद करून पानं पाण्यात दाबा, झाका, पाच मिनिटं थांबा आणि गाळा.

लिंबू पिळायचं असेल तर कपात, गाळल्यानंतर, चार-पाच थेंब. गवती चहात सिट्रल नावाचं तेल असतं, त्यामुळे लिंबाचा वास त्यात आधीच असतो आणि थोडं लिंबू पुष्कळ होतं. एखादी वेलची ठेचून पानांबरोबर टाकली तर चांगलं लागतं. त्यापलीकडे काही घालू नये. लवंग किंवा मिरी पडली की गवती चहा हरवतो.

थंडीतले दोन चहा

पहिला दालचिनी-वेलचीचा, पाहुण्यांसमोर ठेवण्यासारखा. दोन कप पाण्यात एक इंच सिलोन दालचिनी मोडून टाका, झाकून मंद आचेवर आठ मिनिटं. हवी असेल तर एकच लवंग, शेवटच्या दोन मिनिटांसाठी. गॅस बंद करताना दोन हिरव्या वेलच्या सालीसकट ठेचून टाका आणि पाच मिनिटं झाका. यात गोडवा हवाच असेल तर चार-पाच काळ्या मनुका दालचिनीबरोबरच उकळायला टाका. द्राक्षांच्या जिल्ह्यात राहून साखर शोधायची गरज नाही. मनुका शेवटी फुगतात, त्या मुलांना खायला द्याव्यात.

दुसरा घशासाठी: ज्येष्ठमध आणि तुळस. बोटाच्या एका पेराएवढी ज्येष्ठमधाची काडी ठेचून दोन कप पाण्यात पाच मिनिटं मंद आचेवर ठेवा. गॅस बंद करून तुळशीची सहा-सात पानं चुरडून टाका, पाच मिनिटं झाका. यात गूळ, मध, साखर काहीही घालू नका. ज्येष्ठमधातलं ग्लिसरायझिन साखरेच्या ३० ते ५० पट गोड असतं. त्याच द्रव्यामुळे काळजीही घ्यावी लागते. ते शरीरात मीठ आणि पाणी धरून ठेवतं, पोटॅशियम कमी करतं आणि रक्तदाब वाढवतं. म्हणून हा चहा घसा बसला असेल तेव्हा दोन-चार दिवस एकेक कप, बस. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी तो घेऊच नये. ‘आयुर्वेदिक आहे, चालेल’ असं म्हणून घरातल्या ज्येष्ठांना तो रोज देणं योग्य नाही.

सुंठ याच ऋतूतली, पण तिला आल्यासारखं मापू नका. आलं वाळताना त्यातल्या जिंजेरॉलचा काही भाग शोगॉलमध्ये बदलतो आणि शोगॉल अधिक तिखट असतं. दोन कपांना बोटांच्या चिमटीत मावेल इतकीच सुंठपूड पुरते. धने-बडीशेपेच्या मूळ चहात ती चिमूट टाकली की त्याचा हिवाळी अवतार तयार होतो. सकाळी फिरायला निघण्याआधी घेण्यासारखा आहे तो.

हळदीबद्दल मला नेहमी विचारतात. हळदीतलं कुरकुमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तळाशी बसतं आणि कपाला पिवळा डाग ठेवून जातं. त्याला स्निग्धता लागते. म्हणून हळदीची खरी जागा दुधातच आहे. पाण्यातच हवी असेल तर ओल्या हळदीच्या दोन-तीन चकत्या आल्याबरोबर उकळाव्यात. चव चांगली येते, अपेक्षा मात्र चवीपुरतीच ठेवावी.

ओव्याचा चहा

रविवारी मिसळ जरा जास्त झाली, पोट गुबारलं, अशा वेळी याची आठवण होते. पण ओवा जपून. एका कपाला पाव चमचाच, तोही हलका चुरडून. उकळतं पाणी ओतून झाकायचं आणि तीन ते चार मिनिटांत गाळायचं. त्यापुढे थायमॉलचा झणका इतका चढतो की तोंड बधिर वाटतं. चिमूटभर सैंधव घालावं, गोड काही नको. ओवा पोटातल्या वाऱ्याला चांगला, पण जळजळीला वाईट. त्रास नेमका कोणता आहे ते आधी ओळखावं. आंबट ढेकर आणि छातीत आग असेल तर ओवा, सुंठ, मिरी तिन्ही बाजूला ठेवून नुसत्या बडीशेपेचा चहा घ्यावा.

उन्हाळ्याचा हिम

एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो तेव्हा गरम कपाची इच्छा होत नाही. त्या दिवसांत धने आणि बडीशेप थंड पाण्यात मुरवावी. एक लिटर पाण्याला दोन चमचे धने, दोन चमचे बडीशेप. जिरं हवं तर अर्धा चमचा.

सुकलेल्या मसाल्यांवर जंतू असू शकतात आणि इथे उकळी नसल्यामुळे ते मरत नाहीत. म्हणून पाणी आधी उकळून पूर्ण गार करावं. बिया धुऊन ठेचल्या की त्यांच्यावर अर्धी वाटी उकळतं पाणी घालून दोन मिनिटं झाकावं आणि मग ते सगळं गार पाण्यात मिसळावं. रात्रभर फ्रीजमध्ये ठेवावं. माठाची आवड असेल तर सकाळी गाळलेलं पाणी लहान माठात भरा, पण ते दुपारपर्यंत संपलं पाहिजे. उन्हाळ्यात बाहेर राहिलेलं हे पाणी संध्याकाळी आंबूस लागतं, ते तसंच टाकून द्यावं. वाळ्याची छोटी जुडी धुऊन त्यात सोडली तर सुगंध फार छान येतो. पुदिना घालायचा असेल तर गाळल्यावर, पेल्यात.

गोडवा, दूध, मध

या चहात दूध नको. फांटाची नाजूक चव दुधाखाली दबते. गूळ चालतो, थोडा, गाळल्यानंतर. मध घालायचा तर चहा कोमट होऊ द्यावा. मध गरम करू नये असं आयुर्वेद सांगतो, आणि कढत चहात त्याचा वासही राहत नाही. एक वर्षाखालच्या बाळाला मध कुठल्याही रूपात देऊ नये, त्यातून बोट्युलिझमसारखा गंभीर आजार होऊ शकतो. इतक्या लहान बाळांना हे चहाही देऊ नयेत.

कुणी जपावं

दिवसाला दोन कप ही बहुतेक निरोगी मोठ्या माणसांसाठी चांगली मर्यादा. आठ-दहा वर्षांच्या मुलांना धने-बडीशेप किंवा गवती चहाचा अर्धा कप पुरे.

रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आलं, लवंग, दालचिनी, हळद यांचे चहा रोज सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा. मधुमेहाची औषधं घेणाऱ्यांनी दालचिनी आणि मेथीबद्दल विचारावं, कारण दोन्हींमुळे साखर आणखी खाली येऊ शकते. पित्ताशयात खडे असतील तर हळद नको. गरोदरपणात स्वयंपाकात पडतो तेवढा मसाला वेगळा आणि रोजचा चहा वेगळा. कुठलाही सुरू करण्याआधी आपल्या डॉक्टरांशी बोलावं. बाळंतिणीला जो दिला जातो तो बाळंतशेपांचा चहा, बडीशेपेचा नव्हे. दुकानात दोन्ही शेजारी असतात, नीट पाहून घ्या.

आणि एक अगदी मनापासून. पावसाळ्याच्या शेवटी डेंग्यूचे रुग्ण वाढतात. ताप दोन-तीन दिवसांत उतरला नाही, अंग फार दुखतंय, उलट्या होतायत, अंगावर पुरळ आहे, तर घरी काढे आणि चहा करत बसू नका. रक्ततपासणी करून घ्या. खोकला दोन आठवड्यांवर गेला तरी डॉक्टरांना दाखवा. चहा सोबतीला असू द्या, उपचाराच्या जागी नको.

साठवण आणि डबा

बिया अख्ख्याच साठवा. काचेच्या घट्ट झाकणाच्या बरण्या, गॅसच्या शेगडीपासून लांब, उजेड न लागणाऱ्या फडताळात. मे महिन्यात वाळवणाच्या वेळी धने-जिऱ्याला एक ऊन दाखवलं जातं ते ओल काढण्यासाठी ठीक. पण वेलची, लवंग, दालचिनी कडक उन्हात पसरू नका, वास उडतो. पावसाळ्यात बरणीत ओला चमचा गेला की बुरशी आलीच.

सकाळच्या घाईत ज्यांना खलबत्ता काढायला वेळ नसतो त्यांनी धने दोन वाट्या, बडीशेप दोन वाट्या, जिरं एक वाटी असं अख्खं मिश्रण करून ठेवावं. रात्री दोन कपांपुरतं, म्हणजे दोन चमचे, ठेचून छोट्या डबीत ठेवलं तरी सकाळपर्यंत फार बिघडत नाही. आठवड्याचं एकदम ठेचून ठेवाल तर चौथ्या दिवशी त्यात वास उरत नाही.

सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पाळीवर जाणाऱ्यांनी चहा गाळूनच थर्मासमध्ये भरावा. बिया आत राहिल्या तर उष्णतेत त्या मुरतच राहतात आणि दुपारपर्यंत चहा कडू होतो. थर्मास या चहापुरता वेगळा ठेवता आला तर चांगलं, कारण दुधाच्या चहाचा वास त्याच्या झाकणातल्या रबराला धरून बसतो. तो आधीच धरला असेल तर रबर काढून कोमट पाणी आणि खाण्याच्या सोड्यात तासभर बुडवून ठेवा, मग स्वच्छ धुवून उन्हात वाळवा.